सध्या उपलब्धता नाही

दात कोरून पोट भरत नाही असं ज्याने कोणी म्हटलं, त्याने आमचं घर पाहिलेलं नसावं. आमचं पोट गेली कित्येक वर्षं दात कोरूनच भरतंय. नवरा दातांचा डॉक्टर आणि मी त्याच्याच दवाखान्यात काउंटरवर. ते आत लोकांना तोंड उघडायला सांगतात आणि "अजून किती वेळ?" म्हणून विचारणाऱ्यांची तोंडं मी बाहेर बंद ठेवते. जग त्यांना डॉक्टर म्हणतं. मी 'अहो' म्हणते. फार राग आला की मीसुद्धा डॉक्टर म्हणते. या गोष्टीत मी त्यांना डॉक्टरच म्हणणार आहे, यावरून काय ते समजा.

सगळं सुरू झालं एका पेशंटच्या मनगटावरून. गृहस्थ खुर्चीत आडवे पडले होते, भीतीने खुर्चीचा हात घट्ट धरून. त्यांचं घड्याळ नेमकं डॉक्टरांच्या कोपराशी आलं. त्या दिवशी जेवताना डॉक्टर एकदम म्हणाले, "निळी तबकडी होती गं. दौतीतल्या शाईसारखी निळी. आणि काटा कसा, टकटक करत नाही, नुसता सरकतो."

"पेशंटची दाढ कशी होती?"

"दाढ? दाढ काय, दाढेसारखी." मग घास तसाच हातात धरून म्हणाले, "जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात बघत आलो. एखादी तरी वस्तू अशी असावी, की जिच्याकडे बघितलं की बरं वाटेल."

"मी आहे की," मी म्हटलं.

ते हसले, पण जरा उशिरा.

आता दातांच्या डॉक्टरला घड्याळाचा उपयोग काय? दिवसभर कोपरापर्यंत हात धुवायचे, वर हातमोजे. घड्याळ काढून ठेवायचं ते ठेवायचंच. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "रविवारी घालीन." माणसाने हौस करू नये असं माझं म्हणणं नाही. पण दवाखान्यातली खुर्ची मोडायला आली होती आणि नव्या खुर्चीसाठी आम्ही पैसे बाजूला टाकत होतो. त्या खुर्चीचं दुखणं असं, की तिच्यात माणूस बसला की ती हळूहळू खाली जायची. पेशंटला कळायचंही नाही. तो जबडा उघडून छताकडे बघत असायचा, खुर्ची खाली चाललेली, आणि डॉक्टर त्याच्या तोंडामागे वाकत वाकत चाललेले. दाढ भरून होईपर्यंत दोघेही जमिनीपाशी. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय डॉक्टरांना संध्याकाळी उभं राहता येत नव्हतं.

तरी मी म्हटलं, चला, बघून तर येऊ.

त्या घड्याळांच्या दुकानाच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती. ढकलून उघडत नाही, ओढून उघडत नाही. आतला माणूस आधी तुमचे बूट बघतो, मग चेहरा, आणि मग दार उघडतो. आत शिरलं की पायाखाली इतकं मऊ, की आपण चालतोय की नाही तेच कळेना. कशावरही किंमत लिहिलेली नव्हती. आमच्या दवाखान्यात दात काढायचे किती, भरायचे किती, कवळीचे किती, सगळं पाटीवर रंगवून भिंतीला ठोकलेलं. इथे किंमत विचारायची म्हणजे परक्या बाईला वय विचारण्यासारखं.

तिथला मॅनेजर आमच्यासमोर येऊन बसला. त्याचं नाव काय होतं कोण जाणे, मी मखमल ठेवलं. सूट तसा, चाल तशी आणि आवाज तर विचारूच नका. डॉक्टरांनी निळ्या तबकडीकडे बोट दाखवून किंमत विचारली, तेव्हा त्याने एका जाड, छोट्या कार्डावर शाईच्या पेनाने काहीतरी लिहिलं आणि कार्ड पालथं घालून पुढे सरकवलं. डॉक्टरांनी ते एक्स-रे बघतात तसं उजेडात धरून बघितलं. मग मला दाखवलं.

"दोन खुर्च्या," मी म्हटलं.

"घेतो," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मखमल हसत होता. "फार आनंद झाला. पण सध्या उपलब्धता नाही."

"हे काय मग? हे समोर काचेत आहे ते?"

"ते प्रदर्शनासाठी."

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी ऐकून होते. घड्याळांचंही तसंच असतं हे त्या दिवशी कळलं.

"मग कधी मिळेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही. आम्ही आपली आवड नोंदवून ठेवतो. योग्य वेळी संपर्क साधू. तोवर आपलं आणि आमच्या घराण्याचं जरा नातं जुळू द्या." कंपनीला ते घराणं म्हणत.

"नातं कसं जुळतं?" मी विचारलं.

मखमलने नुसती मान वळवून शेजारच्या कपाटाकडे बघितलं. त्यात पेनं होती.

तर आमच्या घरात पहिलं आलं ते पेन. त्याचं टोपणच इतकं जड की लिहिताना पेन मागे कलंडायचं. डॉक्टरांचं अक्षर आधीच डॉक्टरांचं, त्यात ही भर. मग टेबलावरचं घड्याळ आलं. ते टेबलावर ठेवलं तर नेमक्या उजेडात काटे दिसत नाहीत. मग एक कातडी पेटी आली. आत मऊ अस्तर आणि घड्याळं ठेवायला सहा खाचा. म्हणजे घड्याळ विकणार नाहीत, पण ते ठेवायची रिकामी जागा विकतील. मी त्या खाचांत बटणं, सुया, दोऱ्याची रिळं आणि सुट्टी नाणी ठेवायला लागले. खरं सांगते, फार सोयीची पेटी आहे. या प्रत्येक वस्तूबरोबर नव्या खुर्चीचा एकेक भाग जात होता. पेनात पाय गेले, टेबलावरच्या घड्याळात पाठ गेली आणि पेटीत बहुतेक मान टेकायची उशी गेली.

एक दिवस मखमलचा फोन आला. डॉक्टर हातमोजे काढत धावत आले. बोलणं झालं आणि चेहरा नुसता फुललेला.

"मिळालं?" मी विचारलं.

"नाही गं. किंमत वाढली."

"मग हसताय कशाला?"

"अगं, म्हणजे आपण तेव्हा घेतलं असतं तर आज केवढ्याचं झालं असतं!"

"पण आपण घेतलंय कुठे?"

"तू मुद्दा समजून घेत नाहीस," डॉक्टर म्हणाले आणि परत आत गेले. आतला पेशंट तोवर जमिनीला टेकला होता.

पुढच्या वेळी दुकानात गेलो तेव्हा मीच मखमलला विचारलं, "किंमत का वाढली हो? सोनं महाग झालं?"

"त्यात सोनं नाहीच, मॅडम."

"मग?"

"मागणी फार आहे."

"मग जास्त बनवा की."

मी त्याच्या काचेच्या टेबलावर पाय ठेवायची परवानगी मागितली असती, तरी त्याने माझ्याकडे असं बघितलं नसतं. "जास्त बनवली तर मागणी कशी राहील?" तो म्हणाला. आणि डॉक्टरांनी मान डोलावली! बायकोच्या साध्या बोलण्याला कधी मान डोलावली नाही या माणसाने.

इथपर्यंत मला गंमतच वाटत होती. पण मग दुकानात जायच्या आधी डॉक्टर बुटांना दोनदा पॉलिश करू लागले. आरशासमोर उभं राहून चेहरा कोरा ठेवायचा सराव करू लागले. "मी तिथे फार उत्सुक दिसतो का गं? उत्सुक दिसलं की ते मागे ढकलत असतील." गल्लीतलं पोर न पोर ज्यांच्याकडे निर्धास्त आ करून बसतं, असा माझा नवरा. तो एका दुकानदाराला आपण पसंत पडावं म्हणून तोंड वाकडं-सरळ करत होता. मला वाईट वाटलं. रागही आला. बोलून दाखवलं असतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि मग ते वेड दवाखान्यात शिरलं.

"आपलं चुकतंय कुठे माहितेय?" एका सकाळी डॉक्टर म्हणाले. "आपण पहिल्या घंटीला फोन उचलतो. कोणी म्हणालं आज येऊ का, तर या म्हणतो. भिंतीवर भाजीवाल्यासारखे दर लावलेत. अशाने लोकांना किंमत कशी राहणार? त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे."

त्याच दिवशी पाटी उतरली. तिच्या मागची भिंत मूळच्या रंगाची राहिली होती, चौकोनी आणि स्वच्छ. दर गेले त्याचं मला काही नाही. पण पाटीवर सगळ्यात खाली एक ओळ होती, दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टरांनी पेंटरच्या मागे उभं राहून लिहून घेतलेली. 'ज्याचं दुखणं जास्त, त्याचा नंबर आधी.' पाटीबरोबर तीही माळ्यावर गेली.

नवे नियम असे. फोन भरपूर वाजू द्यायचा. खोली रिकामी असली तरी वेळ द्यायची नाही. दर सांगायचा नाही. मला बोलायचं कसं तेही शिकवायला निघाले. तेवढ्यात फोन वाजलाच.

"ऐक हं, असं," म्हणून डॉक्टरांनी फोन उचलला आणि मखमलचा आवाज काढला. इतका हुबेहूब की मी दचकले. "सध्या उपलब्धता नाही. आपली नोंद घेतली आहे. योग्य वेळी आम्ही संपर्क साधू." पलीकडून कोणीतरी दोन शब्द बोललं असेल नसेल, फोन ठेवला गेला. "बघितलंस? वाद नाही, घासाघीस नाही. माणूस निमूट थांबतो."

"कोण होतं?"

"कोणी का असेना."

"मग नोंद कोणाची घेतली?"

"तू मुद्दा समजून घेत नाहीस," डॉक्टर म्हणाले.

मी मुद्दा समजून घेतला आणि असा घेतला की विचारू नका. बायकोने नवऱ्याचं ऐकायचं ठरवलं की तिच्याइतकी खोड मोडणारं दुसरं कोणी नाही. एका बाईंना दात साफ करून हवे होते. मी विचारलं, "आमच्याशी आपलं काय नातं?" त्या म्हणाल्या, "माझी मोठी बहीण तुमच्याकडे दाढ भरायला आली होती." मी म्हटलं, "मग दाढेचं नातं आहे, दातांचं नाही. बघू." एकाने कवळीचे दर विचारले, तर कार्डावर लिहून पालथं घालून पुढे सरकवलं. त्याने उलटून बघितलं, परत पालथं घातलं आणि निघून गेला.

आता खोटं कशाला बोलू, काही लोक वाढलेही. अडवलं की माणसाला वाटतं आत काहीतरी आहे. दुरून दुरून, गाड्यांतून चांगल्या कपड्यांतली माणसं यायला लागली. त्यांच्या दातांना काही झालेलं नसायचं. त्यांना फक्त वेळ मिळाली याचा आनंद असायचा. आणि आमची नेहमीची माणसं, इस्त्रीवाली, शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरचा सायकलवाला, हळूहळू दिसेनाशी झाली. डॉक्टर दुपारी रिकाम्या खोलीत बसून ते जड पेन हातात फिरवायचे. बाहेर मी सांगत असायची, की डॉक्टर फार गुंतलेत.

अशाच एका सकाळी फोन वाजला. मी नियमाप्रमाणे वाजू दिला. मग उचलला.

"डॉक्टल आहेत का?"

आवाज ओळखायला मला क्षण लागला. मखमलला कोणीतरी पाण्यात बुडवून पिळून काढावं तसा झाला होता. उजवी दाढ. झोप नाही. गाल सुजलाय.

देव असतो, असं मला अधूनमधून वाटतं. मी खुर्चीत नीट सावरून बसले. "फार वाईट वाटलं. पण सध्या उपलब्धता नाही."

"मॅडम, मी ओळखीचा आहे! घड्याळांच्या..."

"हो हो, ओळखलं. आपली नोंद घेते. तोवर आमच्या दवाखान्याशी जरा नातं जुळू द्या. आधी समोरचे दात साफ करून घ्या. मग एखादा भरून घ्या. मग दाढेचं बघू."

"साफ? मला दाढ दुखतेय!"

"दाढेला मागणी फार आहे," मी म्हटलं.

पलीकडे फोन आपटला. मी मनात म्हटलं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. घोडामैदान लांब नाही, हा आता येणार. आलाच. गालाला रुमाल बांधलेला, सूटला सुरकुत्या, केस विस्कटलेले. आमच्या दाराला बाहेरून मूठ आहे, त्यामुळे सरळ आत आला.

पण तो एकटा नव्हता. त्याच्या आधीच बाकावर आमचे पोस्टमनकाका येऊन बसले होते. नोकरीतून कधीचे निवृत्त झालेले, पण गल्ली त्यांना अजून पोस्टमनकाकाच म्हणते. दवाखान्याची पहिली कवळी डॉक्टरांनी त्यांचीच बनवली. ती बनवली तेव्हा डॉक्टर स्वतःच शिकाऊ होते आणि काकांनी न कुरकुरता ती चार वेळा परत बसवून घेतली होती. मधे कितीतरी दिवस ते फिरकले नव्हते. गाल आत गेलेले, सदरा सैल झालेला. मी काही विचारायच्या आतच मखमल काउंटरवर ओणवा झाला होता.

"आज घ्या मला आत. आत्ता. तुमचं घड्याळ देतो मी."

"पण ते उपलब्ध नाही ना?" मी म्हटलं.

दुखणं माणसाला खरं बोलायला लावतं. सूट घातलेल्यालाही. "आहे हो! माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. तीन आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत!"

आतल्या खोलीच्या दारात डॉक्टर उभे होते. कधी आले ते मला कळलं नाही. हातात ते पेन होतं.

"पहिल्या दिवसापासून?" ते म्हणाले.

मखमलने मान हलवली आणि ती हलवल्यामुळे कळवळला.

"मी घेतो म्हणालो होतो. पैसे उभे केले असते मी. मग का नाही दिलंत?"

"डॉक्टर," मखमल गाल दाबत म्हणाला, "देऊन टाकलं असतं, तर तुम्ही पुन्हा आला असतात का? पेन घेतलं असतं? घड्याळ विकलं की गिऱ्हाईक गेलं. थांबवून ठेवलं की गिऱ्हाईक राहतं. जो फोन केल्याबरोबर पळत येतो, त्याला तर आम्ही शेवटपर्यंत थांबवतो." आणि मग अगदी केविलवाणा होऊन, "राग नका मानू. सगळ्यांशीच करतो तसं. आज देतो ना. आधी मला घ्या."

मी डॉक्टरांकडे बघत होते. इतक्या दिवसांत मला इतकी भीती वाटली नव्हती. हो म्हणाले असते तर घड्याळ मिळालं असतं आणि माझा नवरा त्या ड्रॉवरमध्ये गेला असता. बाकावरून पोस्टमनकाका म्हणाले, "त्यांनाच घ्या आधी, डॉक्टर. गाल बघा केवढा झालाय. माझं काय, मी थांबतो. मला सवय आहे."

डॉक्टरांनी मखमलच्या गालाकडे नीट बघितलं. नुसतं बघून त्यांना कळतं. "काका बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "ज्याचं दुखणं जास्त, त्याचा नंबर आधी. या. आणि घड्याळाचं राहू दे, आधी तोंड उघडा."

मी इतका मोठा श्वास सोडला की काउंटरवरचे कागद हलले.

दाढ वाचण्यातली नव्हती. दाराच्या फटीतून मी बघितलं, तर सुटाबुटातला मखमल तोंड उघडून छताकडे बघत हळूहळू खाली चालला होता आणि डॉक्टर त्याच्यामागे वाकत चालले होते, तितक्याच हळुवार हाताने, जसे सायकलवाल्यामागे जातात. पेनबिन कुठेतरी कोपऱ्यात पडलं होतं. काम झालं तेव्हा मखमलची टाय फरशीवर लोळत होती.

बाहेर येऊन त्याने पाकीट काढलं. मी जुन्या पाटीवरचाच दर सांगितला. त्याचे डोळे मोठे झाले. तोंडात कापसाचा बोळा धरूनच म्हणाला, "एवढंच? माझ्याकडून?"

"दाढेला ठाऊक नसतं ती कोणाची आहे ते," डॉक्टर म्हणाले. "गरम काही खाऊ नका आज."

मखमल गेला. डॉक्टरांनी पोस्टमनकाकांना हात धरून आत नेलं. मीही आत गेले, कारण मला आता राहवत नव्हतं. काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कवळीचे दोन तुकडे होते.

"अहो काका, ही कधी मोडली?" मी विचारलं.

"झाले की बरेच दिवस. तेव्हाच फोन केला होता ना मी."

"आणि खाताय काय?"

"दूध आणि भिजवलेला पाव. चालतं. दात आहेत तर चणे नाहीत, तसं माझं चणे आहेत तर दात नाहीत." हसताना त्यांनी हात तोंडापुढे धरला. "पुढच्या आठवड्यात मुलगी येतेय. तिने हे बघितलं तर मलाच रागवेल. म्हणून म्हटलं नंबर जवळ आलाय का, विचारून यावं. घाई नाही हं. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, आमचे डॉक्टर आता इतके मोठे झालेत की वेळ मिळत नाही!"

डॉक्टरांचा हात थांबला. "फोन कोणी उचलला होता, काका?"

"तुम्ही कोणी नवा माणूस ठेवलाय ना? फार गोड बोलला. उपलब्धता नाही म्हणाला, पण नोंद घेतली म्हणाला. नाव विचारलं नाही. म्हटलं, आवाजावरून ओळखलं असणार. या दवाखान्यात माझा आवाज कोण ओळखणार नाही? म्हणून बसलो फोनची वाट बघत."

इकडे खुर्ची काकांना घेऊन हळूहळू खाली जात होती. डॉक्टर तिच्याबरोबर खाली गेले, आणि या वेळी वाकले नाहीत, सरळ गुडघे टेकून फरशीवर बसले.

"काका, तो नवा माणूस मीच होतो," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी मी रिकामा होतो. दुसऱ्या दिवशीही होतो. तुम्हाला द्यायला वेळ होता माझ्याकडे, पहिल्या दिवसापासून होता."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी पडली, मग मिटली. "म्हणजे मी उगाचच पाव भिजवून खाल्ला म्हणायचा," ते म्हणाले आणि डॉक्टरांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. "बसवा आता. आणि घट्ट बसवा. ओरडायचंय मला तुमच्यावर, ते दाताशिवाय नीट जमत नाही."

डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. माझेही. काकांनी ते न बघितल्यासारखं केलं.

कवळी जोडून, बसवून, काकांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडून डॉक्टर परत आले आणि त्या खाली गेलेल्या खुर्चीत स्वतःच बसले. माझ्याकडे जिभेवर तयार अशी डझनभर वाक्यं होती. ती सोडून मी फरशीवरचा कापूस उचलायला लागले.

ते म्हणाले, "तुला सगळं दिसत होतं. मला थांबवलं का नाहीस?"

"कसं थांबवणार? मी पण यादीतच होते ना," मी म्हटलं. "माझा नंबर कुठे लागत होता?"

ते उठले. कमरेवर हात ठेवून, कण्हत, पण उठले. आणि माझ्याकडे बघून हसले. या वेळी उशीर झाला नाही.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत डॉक्टरांनी धावत जाऊन तो उचलला. पलीकडून कोणीतरी फार मऊ आवाजात काहीतरी सांगत होतं. योग्य वेळ आली आहे, असं काहीसं मलाही ऐकू आलं.

"नको, आता नको," डॉक्टर म्हणाले. "ते पेन आणि पेटी मात्र परत घ्याल का? पेटी नको, पेटी बायको वापरते. पेन घ्या." थोडं ऐकून म्हणाले, "आणि तुमच्या साहेबांना सांगा, गाल पुन्हा सुजला तर नोंद-बिंद नको. सरळ या म्हणावं."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "अगं, ती पाटी माळ्यावर कुठे ठेवलीस?"

"अहो, थांबा," मी म्हटलं, "शिडी मी धरते."